साडेनऊ ते साडेपाचचं आभाळ

४ सप्टेंबर

पेपर स्वीकारला गेला. आजपासून डायरी. पुढेमागे कुणाला माझं चरित्र लिहायची दुर्बुद्धी झालीच, तर बिचाऱ्याला निदान तारखा तरी बरोबर मिळाव्यात.

त्या भावी बिचाऱ्यासाठी थोडक्यात. आमच्या विभागाच्या गच्चीवर एक तबकडी आहे, उंच माणसाएवढी रुंद. छत्तीस हजार किलोमीटर वर, एकाच जागी टांगल्यासारखा एक उपग्रह आहे. तो दिवसरात्र एकच सूर लावून बसतो, आमच्या काही सहकाऱ्यांसारखा. तो सूर आमच्यापर्यंत किती जोरात पोचतो हे आम्ही दर सेकंदाला मोजतो. तीन वर्षं मोजतोय. पाऊस आला की थेंब सिग्नल खातात आणि सूर क्षीण होतो, हे जगाला ठाऊक आहे. पाऊस थांबला की सूर लगेच पूर्ववत होतो, असंही जग मानतं. इथे जग चुकतं. आमच्याकडे पाऊस थांबल्यावरही पस्तीस ते पन्नास मिनिटं सूर दबलेलाच राहतो. वर हवेत अतिसूक्ष्म थेंबांचा एक थर रेंगाळतो, त्याचा हा प्रताप, हे मी चोवीस पानं आणि एकतीस समीकरणं खर्चून दाखवलं आहे. नाव दिलं आहे ‘उत्तरवृष्टी विलंब’. लोक पुढे त्याला माझं आडनाव लावतील, पण ते लोकांनी करायचं असतं. आपण फक्त वाट पाहायची आणि संकोचल्यासारखं दिसायचं.

वीस ऑक्टोबरला प्राध्यापकपदाची मुलाखत. अकरा वर्षं ‘सहयोगी’ प्राध्यापक आहे. पुष्कळ सहयोग झाला.

संध्याकाळी दंतवैद्याला बातमी सांगितली. दंतवैद्य म्हणजे माझा नवरा. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणत असल्यामुळे घरी आला की स्वतः फारसं तोंड उघडत नाही. आज उघडलं.

“अगं, म्हणजे आता तुला घरातसुद्धा प्राध्यापक म्हणायचं?”

“इतकी वर्षं काय म्हणत होतास?”

“ते तुला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणत होतो.”

९ सप्टेंबर

कुजबूज आली होती. ही माझी पीएचडीची विद्यार्थिनी, चौथं वर्ष. इतकी हळू बोलते की तिचा सिग्नल पकडायला वेगळी तबकडी लागेल. नाव मीच ठेवलं, विभागानं उचललं, आता तिची आईसुद्धा फोनवर “कुजबूज आहे का?” विचारते म्हणतात.

दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, एक विचारू?”

“विचार. पण आत येऊन, आणि मला ऐकू येईल असं.”

“शनिवार-रविवारी विलंब दिसत नाही.”

“कमी दिसतो?”

“दिसतच नाही. आणि रात्रीही...”

“रात्रीचं आपण लिहिलंय. उन्हाची उष्णता नसते, थर तयार होत नाही.”

“हो मॅडम. पण रविवारी ऊन असतं.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, पलीकडे नव्या इमारतीचं सिमेंट उडतंय. आणि लख्ख प्रकाश पडला. धूळ! थेंब धुळीच्या कणाभोवती बनतो. कामाच्या दिवशी गाड्या, धूर, सिमेंट. सुट्टीच्या दिवशी रस्ते ओस, हवा स्वच्छ, थर नाही, विलंब नाही. माणसाच्या कामाच्या आठवड्याची सही थेट वातावरणावर!

“मुली, तू दुसरा पेपर शोधलास,” मी म्हटलं.

ती काहीतरी बोलायला गेली, मग तिनं तोंड मिटलं. “अजून काही?” विचारलं तर “नाही मॅडम.” खूश झाली असावी. काही माणसांचा आनंद पोटदुखीसारखा दिसतो.

मूळ पेपरात शेवटचा एक विभाग वाढवून संपादकांना पाठवला. शीर्षक: ‘आठवडी चक्र’. छापायला अजून दोन महिने आहेत, घेतील.

१६ सप्टेंबर

सकाळी अकराला धो धो. नेमकी तेव्हाच मला एक केबल हवी होती आणि तात्या नेमके तेव्हाच गायब. तात्या म्हणजे आमचे तंत्रज्ञ, तीस वर्षांची नोकरी, जानेवारीत निवृत्त होणार. आभाळ भरून आलं की हा मनुष्य जिना चढायला लागतो. पाऊस आला की वर, पाऊस थांबला की पुन्हा वर. चार मजले, तेही त्या गुडघ्यांनी. गच्चीवर सिगारेट ओढायला जातात, दुसरं काय. पावसात ओढण्यात काही विशेष लज्जत असेल तर मला कल्पना नाही.

बारा वाजून गेल्यावर खाली आले, शर्ट अंगाला चिकटलेला.

“तात्या, फुप्फुसं तुमची, पण वेळ विभागाचा आहे.”

“हो मॅडम.”

इतक्या वर्षांत या माणसानं ‘हो मॅडम’च्या पुढे वाक्य नेलेलं मी ऐकलेलं नाही. माझ्या आधीच्या साहेबांना ‘हो सर’ म्हणत असतील. तेवढाच काय तो फरक.

२२ सप्टेंबर

धूमकेतूची मेल. धूमकेतू म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातले एक बुजुर्ग. दर काही वर्षांनी आमच्या आकाशात उगवतात, पुढे ते आणि मागे शिष्यांची लांबलचक शेपटी. त्यांची तबकडी इथून साठ किलोमीटरवर आहे, तोच उपग्रह, तोच सूर. पेपर त्यांच्याकडे कसा पोचला विचारण्यात अर्थ नाही. आमच्या क्षेत्रात गुप्तता उपग्रहापर्यंत राखतात, माणसांपर्यंत नाही.

लिहितात: “आमच्या मोजणीत हा विलंब एकदाही आढळला नाही. आपला मूळ डेटा पाहायला मिळाल्यास आभारी होईन. ‘आठवडी चक्र’ हा विभाग विशेष रंजक वाटला.”

‘रंजक’! शास्त्रज्ञ एखाद्या गोष्टीला रंजक म्हणतो तेव्हा तो बाह्या सरसावत असतो. शिवाय निवड समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून तेच येणार, असं विभागप्रमुखांनी सांगितलं.

मी तीन वर्षांचा सगळा डेटा पाठवून दिला. जे खरं आहे त्याला झाकून ठेवायची गरज नसते. सोबत लिहिलं, “आपल्या तबकडीच्या परिसरात धूळ कमी असावी.” त्यांच्याकडे प्रयोगशाळेचं दार आठवड्यातून दोनदा उघडतं असं ऐकून आहे, पण ते लिहिलं नाही. सभ्यता.

जेवताना दंतवैद्याला सांगितलं. तो म्हणाला, “माझ्याकडे पेशंट येतो, वरचा दात दुखतोय म्हणून गाल धरून. तपासावं तर किडलेला खालचा.”

“यात मी पेशंट कोण?”

“मी फक्त दातांबद्दल बोललो,” म्हणाला आणि भात वाढून घेतला.

३ ऑक्टोबर

मशीन बिघडलं. मुलाखतीला सतरा दिवस आणि मशीन बिघडलं!

तात्या सोमवारपासून रजेवर आहेत, मुलगी बाळंत झाली. या आठवड्यात तीनदा पाऊस झाला. सोमवारी, बुधवारी, आज. तिन्ही कामाचे दिवस, तिन्ही वेळा दुपार, रस्त्यावर धूळ भरपूर. आणि तिन्ही वेळा पाऊस थांबल्यावर दोन मिनिटांत सूर जसाच्या तसा. विलंब नाही. नावाला नाही.

केबल बदलली, रिसीव्हर दोनदा तपासला, कुजबुजला सगळी जोडणी पहिल्यापासून करायला लावली. सगळं ठणठणीत. ती म्हणाली, “मॅडम, मशीन बरोबरच असेल तर?”

“तर तीन वर्षं चूक होतं असं म्हणायचंय?”

“नाही मॅडम.”

शेवटी तात्यांना फोन केला. मागे बाळ रडत होतं. म्हटलं, “रिसीव्हरला काही केलंत का जाण्याआधी?”

“नाही मॅडम. पाऊस झाला का तिकडे? मी नाही ना, म्हणून मला काळजी...”

“तात्या, तुमच्या असण्या-नसण्यानं उपग्रहाला काही फरक पडत नाही. नात बघा तुम्ही.”

“हो मॅडम.”

८ ऑक्टोबर

कसं लिहावं कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

तात्या कामावर आले. साडेदहाला आभाळ भरलं. मशीनचा प्रश्न सुटला नव्हता, म्हणून मी स्वतः वर जायचं ठरवलं. दोन वर्षांत मी गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. हे काही अभिमानानं सांगत नाही, पण आज सकाळपर्यंत त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

गच्चीचं दार ढकललं. तात्या तबकडीपाशी स्टुलावर उभे. तबकडी सगळा सिग्नल गोळा करून समोरच्या हातावर बसवलेल्या एका मुठीएवढ्या तोंडात टाकते, त्याला आम्ही फीड म्हणतो. तात्या त्या फीडवर एक जाड प्लास्टिकची पिशवी चढवत होते. वर दोरीचे तीन वेढे, सुरगाठ. लहान मुलाला टोपी घालावी इतक्या हळुवारपणे.

“तात्या! काय करताय?”

ते स्टुलावरून पडता पडता वाचले. “झाकतोय मॅडम. पाऊस येतोय.”

“कधीपासून?”

“आता पाच मिनिटं झाली.”

“तसं नाही! किती दिवस झाकताय?”

“तीन वर्षं. तुम्ही सांगितल्यापासून.”

पहिले थेंब पडायला लागले. मी तिथेच उभी राहून विचारत गेले आणि ते सांगत गेले. तीस वर्षांत केली नसतील इतकी वाक्यं त्यांनी दहा मिनिटांत केली. आभाळ भरलं की वर येऊन झाकायचं. पाऊस थांबला तरी लगेच काढायचं नाही, कारण पुन्हा सर आली तर? अर्धा तास थांबायचं, मग चढायचं. गुडघ्यांमुळे चढायला दहा मिनिटं. पिशवी काढायची, फीड फडक्यानं पुसायचं. साडेपाचला घरी जाताना काढूनच ठेवायची, कारण रात्री वाऱ्यानं सुटली तर आत अडकेल. शनिवार-रविवारी येत नाही, तेव्हा ते “देवाच्या भरवशावर”.

कोरडं प्लास्टिक सिग्नलला दिसतसुद्धा नाही. ओलं प्लास्टिक मात्र पाण्याचा पडदा धरून ठेवतं आणि पाणी सिग्नल पिऊन टाकतं. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

पस्तीस ते पन्नास मिनिटं. अर्धा तास थांबणं, अधिक गुडघे.

“मी कधी सांगितलं?” मी विचारलं.

“जुना रिसीव्हर जळला त्या दिवशी. फीडमध्ये पाणी गेलेलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पुन्हा थेंब जरी आत गेला तर तात्या, मी तुम्हाला जबाबदार धरीन. तेव्हापासून एक थेंब जाऊ दिलेला नाही, मॅडम.”

आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आता शाबासकी मिळणार.

पाऊस जोरात आला. मी भिजले.

९ ऑक्टोबर

चरित्रकाराला विनंती: ही तारीख गाळावी.

१० ऑक्टोबर

विभागप्रमुखांना सांगितलं. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहेत आणि कपाळाला आठी न पाडता काळजी करण्याची कला त्यांनी साधली आहे. सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

“मॅडम, मुलाखत वीस तारखेला. पेपर छापून यायला नोव्हेंबर. मधल्या काळात तुम्हाला हे कळलेलंच नाही.”

“पण कळलंय.”

“नोव्हेंबरात कळू शकतं. पेपर मागे घेता येतो, पद कुणी मागे घेत नाही.”

“धूमकेतू समितीवर आहेत. डेटा त्यांच्याकडे आहे.”

“मग दुसरा रस्ता. तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. परवानगीशिवाय उपकरणात फेरफार. तुम्ही लेखी तक्रार द्या, मी शेरा मारतो. फसवले गेलेले शास्त्रज्ञ सहानुभूतीला पात्र असतात. उलट तुम्हीच चूक शोधलीत, असं होईल.”

“तात्या जानेवारीत निवृत्त होतायत.”

“चौकशी लागली तर निवृत्तीवेतन थोडं अडकेल. सुटेल नंतर. असल्या चौकशीत शेवटी कुणाला काही होत नाही.”

खोटं लिहीत नाही: मी घरी येऊन तक्रार लिहिली. एक पान. भाषा उत्तम जमली. ‘माझ्या संमतीशिवाय आणि माझ्या नकळत’ हे शब्द अगदी सहज उतरले. वाचून पाहिलं तर स्वतःचीच कीव आली, इतकी परिणामकारक.

दंतवैद्याला दाखवली. त्यानं चष्मा लावून वाचली, घडी घातली, परत दिली.

“बोल काहीतरी.”

“इथे मी डॉक्टर नाही,” म्हणाला. “तू दाखवायला आणलीस म्हणजे तुला कुठेतरी ठणकतंय. बस्स.”

१३ ऑक्टोबर

नियम असा, की ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला प्रत द्यायची आणि ‘मिळाली’ म्हणून सही घ्यायची. सकाळी तात्यांना खोलीत बोलावलं. कागद पुढे केला. ते चष्मा विसरले होते. कागद लांब धरून, ओठ हलवत, शब्द शब्द वाचत गेले. ‘निष्काळजीपणा’पाशी थांबले. पुन्हा वाचला. मग खिशातून पेन काढलं.

“कुठे करू सही?”

“तात्या, तुम्ही वाचलंत ना?”

“हो मॅडम. जानेवारीपर्यंतच तर आहे. तुमचं काम अडायला नको.”

पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. मी कागद ओढला. सहीचा एक फराटा उमटलाच, फाटकासारखा आडवा.

“जा तुम्ही. चहा घ्या,” म्हटलं. आवाज चढलाच माझा. दुसरा आवाज मला येत नाही.

ते गेल्यावर प्रयोगशाळेची नोंदवही काढली. जळलेल्या रिसीव्हरची तारीख शोधली. पान मिळालं. ‘यापुढे पावसात फीड झाकलेलं राहील, याची संपूर्ण जबाबदारी तंत्रज्ञांची.’ अक्षर माझं. खालच्या दोन रेघाही माझ्याच. इतक्या जोरानं रेघा ओढणारं विभागात दुसरं कुणी नाही, मागच्या पानावर वळ उठलाय.

दोन महिन्यांनी नवा फीड आला. तो कारखान्यातूनच बंदिस्त, त्याला पाण्याचं भय नाही. तो बसवला, मोजणी सुरू केली आणि जुनी सूचना रद्द करायची राहून गेली. कुणी विचारलंही नाही. मला कोण विचारणार?

दुपारी संपादकांना पत्र पाठवलं. पेपर मागे घेत आहे. कारण: ‘मोजणीच्या काळात पाऊस असताना फीडवर प्लास्टिकचं आवरण घातलं जात होतं. हे माझ्या लेखी सूचनेनुसार होत होतं. सूचना कालबाह्य झाल्यावर मी ती मागे घेतली नाही. तंत्रज्ञांनी आपलं काम चोख केलं.’ एक प्रत धूमकेतूला, एक विभागप्रमुखांना.

विभागप्रमुख धावत आले. “मॅडम, हे पाठवण्याआधी मला दाखवायचं होतं!”

“दाखवलं असतं तर पाठवलं नसतं.”

“सात दिवस राहिलेत हो!”

“मोजणीत काटेकोर असावं माणसानं,” मी म्हटलं.

२० ऑक्टोबर

मुलाखत. लांबट टेबल, पाच जण, पाण्याचे पाच पेले, माझ्यासाठी सहावा पेला नाही.

औपचारिक प्रश्न झाले. मग धूमकेतू पुढे सरकले. समोर माझ्या डेटाचे आलेख, रंगीत खुणा केलेले. पत्र वाचल्यावरही माणसानं गृहपाठ केला होता, हे मान्य करावं लागेल.

“मॅडम, आपलं पत्र येण्याआधीच मी एक आलेख काढला होता. आपलं आभाळ सकाळी साडेनऊला कामावर येतं आणि साडेपाचला घरी जातं. शनिवार-रविवार सुट्टी. तीन वर्षांत बावीस दिवस किरकोळ रजाही घेतली आहे.”

टेबलावर हशा. विभागप्रमुखांनी पेल्यात पाहिलं.

“त्याचे गुडघेही दुखतात, सर,” मी म्हटलं. “ते आलेखात दिसलं नसेल.”

पुन्हा हशा, पण आता बाजू बदललेली.

“हे आपल्या लक्षात आधी का आलं नाही? आठवडी चक्र दिसलं, तिथेच थांबायला हवं होतं.”

“माझी विद्यार्थिनी तिथे थांबली होती. मी तिला पुढे ढकललं. मला उत्तर फार लवकर सुचतं, सर. तो माझा गुण आहे, असं मी अर्जात पान चारवर लिहिलंय. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “मग या तीन वर्षांत आपल्या हाती काय राहिलं?”

“शनिवार, रविवार, रात्री आणि बावीस किरकोळ रजा. एकूण मोजणीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. हा सगळा डेटा स्वच्छ आहे, सलग आहे आणि त्यात काहीही नवीन नाही. पाऊस थांबतो, सूर परत येतो. जग बरोबर आहे. मी तपासून पाहिलं.”

“यावर प्राध्यापकपद मागताय?”

“मागतेय. अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास आहे.”

बाहेर आले तेव्हा पाय हलके होते. जिंकल्यासारखं वाटत होतं. तसं वाटायला काही आधार नव्हता, पण आधार नसताना ठाम वाटणं ही माझी खासियत आहे, हे आता सिद्धच झालंय.

२८ ऑक्टोबर

निकाल: ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ म्हणजे त्या खोलीत चाळीस मिनिटं कोण बोलत होतं, देव जाणे.

लागलं. लिहून ठेवते, लागलं. दुपारचा तास नीट घेतला, मग खोलीत येऊन दार लावून बसले. खिडकी पुसली, जी पुसायची गरज नव्हती.

चार वाजता धूमकेतूचा फोन.

“मी तुमच्या बाजूनं होतो असं सांगून तुमचा अपमान करणार नाही,” म्हणाले. “पेपर नसलेल्या माणसाला पद देता येत नाही.”

“मान्य आहे, सर.”

“पुढच्या वर्षी अर्ज करा.”

“करणारच. तेव्हा समितीवर तुम्ही नसलात तर बरं.”

“का हो?”

“तुम्ही डेटा वाचता.”

ते मनापासून हसले. मग खरं काम काढलं. त्यांच्या आणि माझ्या तबकडीत साठ किलोमीटर. माझ्याकडे पाऊस तेव्हा बहुधा त्यांच्याकडे कोरडं. दोन्ही जोडल्या आणि जिथे आभाळ मोकळं तिथला सिग्नल घेतला, तर सूर दबण्याचा किती वेळ वाचेल? यासाठी एका बाजूला निर्विवाद स्वच्छ डेटा हवा. “तुमच्या शनिवार-रविवारांवर माझा भरवसा आहे,” म्हणाले. “आमच्याकडे शनिवारी यंत्राकडे बघायलाही कुणी फिरकत नाही.”

“अटी मी लिहीन,” मी म्हटलं.

“ते गृहीत धरलंय.”

दंतवैद्याला दोन्ही बातम्या एका दमात सांगितल्या. तो म्हणाला, “मग तुला घरात काय म्हणायचं?” मी उशी फेकून मारली. लागली नाही. नेम धरण्याचं शास्त्र वेगळं असतं.

५ नोव्हेंबर

अकराला पाऊस आला. तात्या सवयीनं उठले, दोन पावलं गेले आणि मध्येच थांबले. फीड झाकायचं नाही हे नोंदवहीत लिहून, सही करून, त्यांना वाचून दाखवलंय. पण हातांना कोण वाचून दाखवणार? शेवटी मी पडद्यासमोर खुर्ची ओढली. “बसा इथे. वर काय चाललंय ते इथून दिसतं.”

इतक्या वर्षांत हा पडदा त्यांना कुणी दाखवला नव्हता. हिरवी रेघ खाली खाली गेली, तळाशी चाचपडत राहिली. तात्या खुर्चीच्या काठावर आले. बाहेर पाऊस थांबला. रेघ उठली आणि दोन मिनिटांत सरळ.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग मी इतके दिवस त्याला गुदमरवत होतो म्हणायचं.” आणि हसले. तात्यांना पुढचा एक दात नाही, हे मला आज कळलं. दंतवैद्याकडे पाठवते. मग बोट पडद्याच्या कोपऱ्याकडे नेऊन म्हणाले, “मॅडम, हे घड्याळ चार मिनिटं मागे आहे. परवा वीज गेली तेव्हापासून.”

“परवापासून! मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“आज सांगितलं की.”

मी घड्याळ लावायला वाकले, तर पाठीमागून कुजबूज म्हणाली, “मॅडम, दोन तबकड्यांच्या गणितात दुसऱ्या ओळीत चिन्ह उलटं आहे.” खोलीच्या त्या टोकाला होती, तरी प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

“नाही. नीट बघ.”

“बघितलंय. तीनदा.”

“मी बावीस वर्षं हे गणित शिकवतेय.”

“मग बावीस वर्षं उलटं असेल, मॅडम.”

तात्या पुन्हा हसले. मी फळ्यापाशी गेले, ओळीनं सोडवत आले. चिन्ह उलटं होतं. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, तुमच्या खोलीची खिडकी आतून स्वच्छ आहे, घाण बाहेरून आहे, तेव्हा आतून घासून काही होणार नाही.

एका सकाळी तीन जणांनी तीन चुका काढल्या, त्याही माझ्या तोंडावर, माझ्याच प्रयोगशाळेत. विभागाची शिस्त साफ ढासळली आहे. याचा बंदोबस्त करायला हवा. उद्या मात्र वेळ नाही, ते गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडायचंय आणि कुजबुजला नऊलाच बोलावलंय.